सदाफुली, शुगर आणि उंदराची साक्ष

१/ बाळापूरच्या अंगणात तुळशीशेजारी सदाफुली फुलते, तशी ती साऱ्या वऱ्हाडात फुलते. याच सदाफुलीविषयीचा एक संदेश मोबाइलवरून घरोघरी पोहोचत असतो : रोज उपाशीपोटी पाने चावा, शुगर मुळासकट जाईल, हा आपल्या पूर्वजांचा उपाय आहे, आणि आता तर तो प्रयोगशाळेत उंदरांवर सिद्ध झाला आहे. हा धागा त्या संदेशाविरुद्ध आहे. त्यात तीन दावे दडलेले आहेत : उपाय पूर्वजांचा आहे, तो उंदरांवर सिद्ध झाला आहे, आणि तेवढ्यावर गोळी सोडता येते. तिन्ही दावे इतिहासासमोर उभे केले, तर एकही टिकत नाही.

२/ ही चर्चा निव्वळ विद्वत्तेची नाही. ज्या मुलाचे शरीर इन्सुलिन बनवीतच नाही, त्याचे इंजेक्शन थांबले तर काही दिवसांत जीव धोक्यात येतो. प्रौढवयात मधुमेह जडलेल्या शेतकऱ्याने गोळी सोडली, तर त्याला पहिले काही महिने विशेष काही जाणवतही नाही. मग पायाची जखम भरेनाशी होते, नजर अंधुक होते, मूत्रपिंड थकते. तोवर संदेश पाठविणारा तो संदेश विसरलेला असतो. चुकीच्या सल्ल्याची किंमत अशी उशिरा वसूल होते, म्हणूनच तो सल्ला निरुपद्रवी वाटतो.

३/ पहिला दावा पूर्वजांचा. प्राचीन आयुर्वेदाला प्रमेह आणि मधुमेह यांची ओळख होती, हे खरेच आहे. पण चरक-सुश्रुतांच्या काळी सदाफुली भारतात नव्हती. ती मूळची आफ्रिकेच्या पूर्वेकडील मादागास्कर बेटावरची. फ्रेंच अधिकारी फ्लाकूर यांच्या १६५८ मधील मादागास्करविषयक ग्रंथात तिचा उल्लेख येतो; लिनियसने १७५९ मध्ये तिला ‘विंका रोझिया’ हे नाव दिले. आजचे शास्त्रीय नाव ‘कॅथरँथस रोझियस’. युरोपातील बागांमधून आणि व्यापारी जहाजांतून ती उष्ण प्रदेशांत पसरली, आणि भारतात आली ती शोभेचे झाड म्हणून.

४/ आफ्रिकेचे नाव ऐकून बाळापूरने दचकण्याचे कारण नाही. मन आणि म्हैस या नद्यांच्या काठावरचे हे गाव सतराव्या शतकाच्या आरंभी मुघलांचा वऱ्हाडातील महत्त्वाचा तळ होते, आणि दख्खनेत मुघलांना सळो की पळो करून सोडणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. वऱ्हाडाच्या ताटातील ज्वारीची भाकरी ज्या पिकाची, ते पीक प्रथम आफ्रिकेतच माणसाळले. सावली देणारी चिंच मूळची आफ्रिकेची. बांधावरच्या एरंडाचे मूळही पूर्व आफ्रिकेत सांगितले जाते.

५/ म्हणजे परके म्हणून टाकून देण्याजोगे येथे काही नाही, आणि आपले म्हणून डोळे मिटून गिळण्याजोगेही काही नाही. वनस्पती कोणत्या देशाची हे स्वादुपिंडाला कळत नाही. सदाफुली मधुमेहावर वापरण्याची लोकरीत जमेका, फिलिपाइन्स, दक्षिण आफ्रिका अशा दूरदूरच्या प्रदेशांत नोंदली गेली. ती रीत खरी होती; लोक पानांचा काढा पीत होते. पण लोक एखादी गोष्ट करतात, एवढ्यावरून ती लागू पडते असे ठरत नाही. ते ठरविण्यासाठीच प्रयोग लागतो. आणि सदाफुलीच्या बाबतीत तो प्रयोग खरोखरच झाला.

६/ आता दुसरा दावा, उंदरांचा. १९५२ मध्ये कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांना जमेकातील एका डॉक्टरांकडून एक पाकीट आले. त्यात सदाफुलीची २५ पाने होती आणि माहिती अशी, की इन्सुलिन मिळत नाही तेव्हा तेथील लोक या पानांचा काढा पितात. क्लार्क नोबल इन्सुलिनच्या शोधाच्या काळात बँटिंग यांच्या वर्तुळात वावरलेले होते. ते स्वतः निवृत्त झाले असल्याने त्यांनी पाने धाकट्या भावाकडे, वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातील संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे सोपवली.

७/ रॉबर्ट नोबल यांनी पानांचा अर्क प्राण्यांना पाजला आणि रक्तातील साखर मोजली. साखरेत फरक पडला नाही. लोकरीतीची बाजू घेऊन बोलणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी. ज्या प्रयोगाने सदाफुलीचे नाव जगाच्या औषधशास्त्रात कायमचे कोरले, त्या प्रयोगात मधुमेहाच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर ‘नाही’ असे होते. ‘उंदरांवर सिद्ध’ म्हणणारा संदेश नेमके हेच उत्तर गिळून टाकतो.

८/ तेथेच थांबले असते तर पाने कचऱ्यात गेली असती. पण अर्क शिरेतून टोचल्यावर उंदीर आठवडाभरात मरू लागले. त्यांच्या अंगात जागोजागी पू झाला होता. एरवी सहज परतवले जाणारे जंतू त्यांना मारत होते. कारण शोधताना दिसले, की रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आहेत आणि अस्थिमज्जा दबली आहे. रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर १९५४ मध्ये प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी अर्कातील तो घटक शुद्ध रूपात वेगळा केला. १९५८ मध्ये या संशोधकांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच योगायोगाने हाती आलेल्या निरीक्षणाचा उल्लेख आहे.

९/ पांढऱ्या पेशींना रोखणारा पदार्थ रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडेल, हा तर्क उघड होता. अमेरिकेतील एली लिली कंपनीतही गॉर्डन स्वोबोडा आणि सहकारी याच वनस्पतीवर स्वतंत्रपणे काम करीत होते. त्यातून व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधे आली. व्हिन्क्रिस्टिनला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली. रक्तकर्करोग झालेल्या मुलांच्या उपचारांत ते आजही वापरले जाते. पानात हे घटक इतके अत्यल्प असतात, की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात.

१०/ म्हणून दोन्ही टोकांची अतिशयोक्ती टाळावी. दोन पाने चावून कोणी कर्करोगाचे औषध घेत नाही. तितकी मात्रा त्यात नसते. पण ही तुळस किंवा पुदिना नव्हे, हेही लक्षात असावे. सदाफुलीत शंभराहून अधिक अल्कलॉइडे सापडली आहेत आणि त्यांतील काही पेशींचे विभाजन थांबविणारी आहेत. अशी वनस्पती महिनोन्‌महिने, मोजमापाशिवाय, मूत्रपिंड आधीच थकलेल्या माणसाने रोज खावी, हे सांगण्याचे धाडस ज्याला होते त्याने तिचा इतिहास वाचलेला नसतो.

११/ येथे प्रामाणिक विरोधक एक आक्षेप घेईल : पुढे झालेल्या काही प्रयोगांत तर साखर उतरली! खरे आहे. भारतातही असे प्रयोग झाले. दिल्लीतील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सदाफुलीच्या अर्काने मधुमेही उंदरांची रक्तशर्करा लक्षणीय घटल्याची नोंद आहे. हे निष्कर्ष खोटे आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. पण ते नेमके काय सांगतात, हे समजून घेण्यासाठी तीन गोष्टी उलगडाव्या लागतात : अर्क, आजार आणि मात्रा.

१२/ पहिली गोष्ट अर्क. दिल्लीच्या त्या अभ्यासात पाने चावून किंवा उकळून दिलेली नव्हती. डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉल या द्रावकांनी त्यातील घटक ओढून काढले होते. कोणता द्रावक वापरला यावर पानातील कोणते घटक बाहेर येतात आणि कोणते मागे राहतात, हे ठरते. पाण्याच्या काढ्यात एक मिश्रण उतरते, मिथेनॉलात दुसरेच. नोबल यांचा अर्क आणि दिल्लीचा अर्क एकाच झाडाचे असूनही एकच पदार्थ नव्हेत. मग अंगणातील पान हा तर तिसराच पदार्थ ठरतो, आणि त्याची परीक्षा या दोहोंपैकी कोणीही घेतलेली नव्हती.

१३/ दुसरी गोष्ट आजार. उंदराला आपोआप मधुमेह होण्याची वाट पाहिली जात नाही. त्याला स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचे रसायन टोचतात. ते स्वादुपिंडातील इन्सुलिन बनविणाऱ्या पेशी मारते आणि दोन-तीन दिवसांत साखर चढते. पन्नाशीतल्या माणसाचा मधुमेह असा येत नाही. तो वर्षानुवर्षे मुरत येतो. त्यात इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही. म्हणजे उंदराच्या अंगात असते ती विषबाधा, आणि माणसाच्या अंगात असते ती अनेक वर्षांची साठत गेलेली बिघडण. पहिलीवर जे लागू पडले ते दुसरीवर पडेलच, असे गृहीत धरता येत नाही.

१४/ तिसरी गोष्ट मात्रा. त्या अभ्यासात शरीरभाराच्या दर किलोमागे ५०० मिलिग्रॅम अर्क दिला होता. उंदराची मात्रा माणसाला थेट किलोच्या हिशेबाने लावत नाहीत. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात ती साधारण सहापट कमी धरतात. तरीही ६० किलोच्या माणसाला दिवसाला पावणेपाच-पाच ग्रॅम अर्क लागेल. पाने नव्हे, आटवलेला अर्क. आणि तेवढ्या अर्कासाठी त्याच्या कित्येक पट पाने. ‘चार पाने चावा’ हा सल्ला या हिशेबातून कोठूनही निघत नाही. तो प्रयोगातून आलेला नाही, संदेश लिहिणाऱ्याच्या मनातून आलेला आहे.

१५/ याखेरीज एक चौथी गोष्ट आहे, ती संशोधनाच्या व्यवहारातली. असे बरेच अभ्यास गटामागे सहा-आठ उंदरांवर, दोन-तीन आठवड्यांपुरते चालतात. ज्यात काही परिणाम दिसत नाही तो निबंध छापला जाण्याची शक्यता कमी. म्हणून वाचणाऱ्याच्या हाती पडतात ते बहुधा यशाचेच वृत्तान्त. स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेल्या उंदरात साखर उतरविणाऱ्या वनस्पतींची यादी केली तर ती शेकडोंच्या घरात जाते. त्यांतून माणसाच्या मधुमेहाचे औषध म्हणून सिद्ध झालेल्या वनस्पती बोटांवर मोजाव्या लागतात. शेकडो होकारांमधून इतकी थोडी औषधे निघत असतील, तर एका होकाराचे वजन किती हे वाचकानेच ठरवावे.

१६/ मग उंदरांवरील प्रयोग निरर्थक आहेत का? मुळीच नाही. ते कोठे बसतात हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. मुंबईचा इतिहास पुरेसा आहे. सर्पगंधेचे मूळ भारतात पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. १९३१ मध्ये सेन आणि बोस यांनी रक्तदाबावरील आणि उन्मादावरील तिच्या परिणामांविषयी लिहिले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी केली. कोलकात्यात रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी ती प्राण्यांवर तपासली. एवढे सगळे झाले तरी जगातल्या डॉक्टरांनी तिची दखल घेतली नव्हती.

१७/ दखल घेतली गेली ती मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी माणसांवरील निरीक्षणे मांडल्यावर. १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात त्यांनी ५० उच्चरक्तदाबाच्या रुग्णांचा वृत्तान्त दिला : मात्रा किती, दाब किती उतरला, त्रास कोणता झाला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत रेसरपिन हा घटक वेगळा झाला, आणि १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. रेसरपिनमुळे काही रुग्णांना खोल नैराश्य येते, हेही पुढे दिसले. आणि ते दिसले माणसांतच. मागणी वाढल्यावर कंपन्या आफ्रिकेतील सर्पगंधेच्या भाऊबंद झाडाकडे वळल्या, तो शोषणाचा निराळा अध्याय.

१८/ दुसरे उदाहरण मराठी वाचकाच्या अधिक जवळचे आहे. डॉ. शरदिनी डहाणूकर यांना अनेकजण झाडाफुलांवर लिहिणाऱ्या लेखिका म्हणून ओळखतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या आणि आयुर्वेदातील वनस्पतींची आधुनिक पद्धतीने परीक्षा घेणारे केंद्र त्यांनी उभे केले. पित्तमार्ग अडून झालेल्या काविळीत प्रतिकारशक्ती ढासळते. गुळवेलीने ती सावरते का, हा त्यांच्या गटाचा एक प्रश्न होता. त्यांनी तो आधी उंदरांना विचारला. उत्तर आशादायक आले. पण ‘सिद्ध झाले’ असे म्हणून ते तेथे थांबले नाहीत.

१९/ शल्यविशारदांना सोबत घेऊन त्यांनी तोच प्रश्न रुग्णांपुढे नेला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३० रुग्ण होते. सर्वांना नेहमीचे उपचार मिळाले. एका गटाला त्यांच्या जोडीने गुळवेल दिली गेली. गुळवेलीच्या गटात रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणे आढळली नाहीत, आणि शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ९० टक्क्यांच्या पुढे गेले. रुग्णसंख्या लहान होती, म्हणून हा अखेरचा शब्द नव्हे. परंतु नेहमीचे उपचार कोणाचेही काढून घेतले नव्हते, ही गोष्ट संदेश पाठविणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी.

२०/ त्याच गुळवेलीचा पुढचा प्रसंगही मुंबईचाच. कोविडच्या साथीत ‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणून लोक तिचा काढा मनाला येईल तसा पिऊ लागले. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी असा काढा घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदविले. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटावी तसे चित्र होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली आणि वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी असे म्हटले. पण पुढल्या वर्षी देशातील १३ केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. केईएमचा प्रयोग यामुळे खोटा ठरत नाही. एका आजारात, ठरावीक मात्रेत, देखरेखीखाली जे तारक, ते सर्वांना, सदासर्वकाळ, अदमासाने तारक नसते, एवढेच ठरते.

२१/ हा विवेक सरकारनेच सोडला तर काय होते, हे दक्षिण आफ्रिकेने भोगले आहे. तेथे ‘आफ्रिकन पोटॅटो’ या नावाने ओळखला जाणारा कंद पारंपरिक औषध म्हणून वापरतात. त्याच्या अर्काने उंदरांतील साखर आणि सूज कमी होते, असे डरबनच्या प्रयोगशाळेत दिसलेही. पण देशाच्या आरोग्यमंत्र्यांनी एड्सच्या साथीत लसूण, बीट, लिंबू यांच्या जोडीने हा कंद पुरस्कारिला, आणि विषाणूरोधक औषधे लोकांपर्यंत पोहोचण्यास विलंब झाला. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये अंदाज मांडला : २००० ते २००५ या काळात ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव त्या विलंबाने गेले.

२२/ आता आणखी काही आक्षेप. ‘कंपन्या आपले ज्ञान लुटतात आणि आपल्यालाच अडाणी ठरवतात.’ यात तथ्य आहे. व्हिन्क्रिस्टिनवर कंपनीने अमाप पैसा मिळवला. मादागास्करच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले होते, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने लढून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतले. पण ती लढाई छापील पुराव्यावर जिंकली गेली, अभिमानाच्या घोषणांवर नव्हे. लुटीचे उत्तर मालकीहक्क मागण्यात आहे. रुग्णाची गोळी काढून घेण्यात नाही.

२३/ ‘गोळ्या म्हणजे रसायने, पान म्हणजे निसर्ग.’ हा आक्षेप सर्वांत ऐकू येणारा आणि सर्वांत पोकळ. मधुमेहावरची जी गोळी टाकून देण्यास सांगितले जाते, त्या मेटफॉर्मिनचे मूळ युरोपातील ‘गॅलेगा’ नावाच्या झाडात आहे. तेथेही लोक हे झाड औषध म्हणून वापरीत. तेथेही ते चरणाऱ्या मेंढ्यांना विषबाधा होत असे. त्यातील ग्वानिडिन साखर उतरवते पण घातक ठरते, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून कळले. त्याचा सौम्य भाऊबंद म्हणजे मेटफॉर्मिन. तो १९२२ मध्ये प्रथम तयार झाला, आणि पॅरिसच्या डॉ. झाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये त्याचा रुग्णांवरील वापर प्रसिद्ध केला.

२४/ म्हणजे पान विरुद्ध गोळी असा सामनाच नाही. जिच्यातील विष ओळखून वेगळे केले, जिची मात्रा ठरली, जी लक्षावधी माणसांत दशकानुदशके तपासली गेली, ती वनस्पतीची वाट गोळीपर्यंत आली आहे. दुसरी वाट पहिल्याच पायरीवर उभी आहे. मेटफॉर्मिन देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत मिळते. ते केंद्रात संपलेले असेल, तर त्याबद्दल ओरड व्हावी. गरिबाला औषध परवडत नाही म्हणून त्याच्या हाती सदाफुली देणे, ही करुणा नव्हे. ती जबाबदारी झटकण्याची सोय आहे.

२५/ कायदाही याबाबत मुका नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने काही आजार बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी घातली आहे, आणि त्या आजारांच्या यादीत मधुमेह आहे. स्वातंत्र्यानंतर अवघ्या सात वर्षांत संसदेला हा कायदा करावासा वाटला, यावरून हा बाजार किती जुना आहे हे दिसते. फरक इतकाच, की तेव्हा जाहिरात भिंतीवर रंगवावी लागे. आज ती काका, मावशी, शेजारी यांच्या नावाने घरात येते, आणि म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो.

२६/ तेव्हा ‘उंदरांवर सिद्ध’ असे शब्द दिसताच वाचकाने चार प्रश्न विचारावेत. काय दिले होते : पान, काढा की द्रावकाने काढलेला अर्क? किती दिले होते, आणि माणसाच्या हिशेबाने ते किती होते? उंदराला तो आजार कसा झाला होता? आणि त्यानंतर माणसांवर तपासणी झाली का, झाली असल्यास किती जणांवर? चारांची उत्तरे देता येत नसतील, तर तो संदेश पुढे पाठवू नये. एवढी शिस्त पाळायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

२७/ आणि अभिमानच बाळगायचा असेल तर त्याला जवळच वाट आहे. बाळापूरपासून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, त्याचे नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, आणि त्याच शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वनस्पती नेमकी ओळखणारे, तिचा अर्क प्रमाणित करू शकणारे आणि रुग्ण तपासणारे एकाच गावात आहेत. वऱ्हाडात लोक मधुमेहावर काय काय घेतात, त्याने साखर किती हलते, यकृत-मूत्रपिंडावर काय होते, याची शिस्तशीर नोंद व्हावी अशी मागणी करावी. डहाणूकरांनी दाखवलेली वाट तीच आहे.

२८/ नोबल यांच्या प्रयोगशाळेतील उंदरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या : साखरेवर परिणाम नाही, पांढऱ्या पेशींवर भयंकर परिणाम आहे. त्या दोन्ही ऐकल्या गेल्या, म्हणून आज रक्तकर्करोगाची कितीतरी मुले जगतात. जमेकातून आलेल्या माहितीशी जुळत नाही म्हणून पहिले उत्तर दडवले असते, तर दुसऱ्यापर्यंत कोणी पोहोचलेच नसते. अंगणातली सदाफुली अंगणातच फुलू द्यावी. गोळी ठरल्या वेळी घ्यावी, साखर तपासत राहावे, आणि पान चावण्याची इच्छा झालीच तर आधी डॉक्टरांना विचारावे. हा धागा ज्यांच्या घरात तो संदेश पोहोचला आहे, त्यांच्यापर्यंत पोहोचवावा.